तुमचे घड्याळ मागे आहे

परीक्षेच्या दिवशी सकाळी स्नेहलने कॉम्प्युटर चालू केला. आतला पंखा घरघरला, पडदा आधी काळा आणि मग निळा झाला, इंटरनेट जोडलं गेलं, आणि कंपनीचं पान उघडायच्या ऐवजी मोठ्या अक्षरांत एक मराठी वाक्य आलं: 'तुमचे घड्याळ मागे आहे.'

स्नेहलने ते वाचलं. तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या सासऱ्यांनीही वाचलं. ज्ञानेश्वरआबांना कुणी काहीही बोललेलं चालत असे. यंदा भात कमी पिकलं म्हणा, मुलगा बायकोच्या ऐकण्यातला आहे म्हणा, ते हसून सोडून देत. घड्याळाबद्दल मात्र ब्र काढलेला त्यांना खपत नसे.

"हे कुनाला म्हनतंय?" आबांनी विचारलं.

"आपल्यालाच, आबा."

"माझं घड्याळ मागं?"

आबा एसटीत कंट्रोलर होते. शहापूरच्या स्टँडवर खिडकीतून त्यांनी जवळजवळ उभी हयात गाड्या सोडल्या. निवृत्त झाले तेव्हा सोबतच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते ओटीवरच्या आतल्या भिंतीला टांगलेलं असे, आणि रोज सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की आबा त्याच्याकडे बघत. घड्याळ बरोबर आहे की नाही हे ते बघत नसत. रेडिओ बरोबर आहे की नाही हे बघत. किन्हवलीच्या त्या आळीत खिशात मोबाईल असलेली माणसंसुद्धा आबांना वेळ विचारून पुढे जात.

आता या कॉम्प्युटरविषयी. आबांच्या भाच्याच्या ठाण्यातल्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले, तेव्हा जुने नातेवाइकांत वाटले गेले. त्यांतला एक किन्हवलीला आला. पाठीला कुबड असलेला, दोन माणसांनी उचलायचा. शेखरने, म्हणजे आबांच्या मुलाने, तो ओटीवर ठेवला, आणि देवकीबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, त्यावर लोकरीचं विणलेलं झाकण घातलं. त्यानंतर वर्षानुवर्षं तो फक्त दसऱ्याला चालू होई. त्या दिवशी विळा, कोयता आणि पंप यांच्याबरोबर त्याचीही पूजा होई, झेंडूची माळ पडे, हळदकुंकू लागे. एका दसऱ्याला देवकीबाईंनी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गणपतीचं स्टिकर चिकटवलं. कॉम्प्युटर तेवढ्यावर सुखी होता.

त्याच्या सुखात बिब्बा घातला तो स्नेहलच्या नोकरीने. लग्नानंतर ती पडघ्याच्या बाजूच्या एका गोदामात हिशेबाला जात होती. जीप, मग एसटी, मग पुन्हा रिक्षा. घरी येईपर्यंत तिच्यात जेवायचंही त्राण उरत नसे. शेवटी आजारी पडली आणि ते सुटलं. आता एका कंपनीला मराठी टायपिंग करणारी माणसं हवी होती, घरी बसून. त्यासाठी ऑनलाइन परीक्षा. ती कॉम्प्युटरवरच द्यायची, मोबाईल चालणार नाही, आणि अकराला सुरू झाली की पाच मिनिटांनी दार बंद. परत संधी नाही. स्नेहलला ही नोकरी इतकी हवी होती की तिने दोन दिवस कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. हुकली तर पावसाळ्यानंतर पुन्हा गोदाम, हे घरात ठरलेलं होतं.

"घरी बसून नोकरी," आबा तेव्हा म्हणाले होते. "मग हजेरी कोन घेनार?"

"कंपनी घेते, आबा. इंटरनेटवर."

"आनि लेट झालीस तर?"

"तर तेपण त्यांना कळतं."

हे ऐकून आबांचं मन जरा वळलं. लेट झालेलं कळत असेल तर कंपनी बरी असणार.

आदल्या संध्याकाळी रितेश आला. किन्हवलीच्या स्टँडसमोर त्याचं मोबाईलचं दुकान आहे. त्याने कॉम्प्युटर उघडून आतली धूळ पायजम्याच्या नाडीएवढ्या ब्रशने झाडली, पेनड्राइव्हमधून जुन्या मशीनवर चालेल असा ब्राउझर घातला, आणि शेखरचा जुना मोबाईल वायरीने जोडून त्यावरून इंटरनेट दिलं. "मला वाचता आलं पायजे," असं आबांनी बजावल्यामुळे ब्राउझरची भाषा मराठी केली. अडचण फक्त रेंजची आली. रेंज खिडकीच्या गजापाशीच मिळत होती, आणि वायर होती हातभर. त्यामुळे मोबाईल गजाला बांधला आणि कॉम्प्युटरचं टेबल सरकवून खिडकीशी नेलं. बसणाऱ्याचं तोंड खिडकीकडे, पाठ घराकडे.

रितेश कोपऱ्यातलं स्टिकर नखाने काढायला गेला, तेव्हा देवकीबाई म्हणाल्या, "त्याला हात लावू नुको. तो हाय म्हनून ह्यो चालतो."

रितेशने हात मागे घेतला. सगळी पानं उघडून दाखवली, चहा घेतला, आणि रात्रीच्या गाडीने टोकावड्याला मावसभावाच्या हळदीला गेला. रात्री लाईट गेली, पहाटे आली. यात काही विशेष नव्हतं, ती रोजच जाते.

तर आता सकाळ, आणि पडद्यावर ते वाक्य.

आबांनी चष्मा पुसला, मागे वळून घड्याळ बघितलं, रेडिओ लावून बघितला, शेजारच्या धाऊला हाक मारून त्याच्या मोबाईलवर किती वाजले ते विचारलं. सगळे एकमताने घड्याळाच्या बाजूने होते.

"एक मिनिट इकडं नाय, तिकडं नाय," आबा म्हणाले. "ह्या डबड्याला कुनी सांगितलं मागं हाय म्हनून?"

"आबा, मी रितेशदादाला फोन लावते," स्नेहल म्हणाली. तिने कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं. पण कोर्समधल्या कॉम्प्युटरने तिला कधी असं वेळेवरून सुनावलं नव्हतं.

फोन लागला. पलीकडे हळदीचा डीजे सकाळीच सुरू झालेला होता. रितेशचा आवाज त्यातून तुकड्यातुकड्यांनी येत होता.

"काय लिवलंय?"

"तुमचे घड्याळ मागे आहे."

"हां, मग पुढं घ्या."

"काय?"

"घड्याळ, घड्याळ. पुढं घ्या. लय मागं गेलं असंल. एकदम पुढं आना. सेल गेलाय त्याचा." मग ढोल, मग कुणीतरी ओरडलं, मग फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना. त्या बाजूला हळदीत कुणी फोन उचलत नाही, आणि रेंज तर त्याहून नाही.

"काय म्हनला?" आबांनी विचारलं.

"घड्याळ पुढं घ्या म्हणाला. सेल गेलाय म्हणाला."

"सेल मी दिवाळीला घातलाय," आबा म्हणाले. "आनि पुढं घ्या म्हंजे? काटे फिरवू? बरोबर असलेलं घड्याळ मी चुकीचं करू?"

"आबा, थोडा वेळ फक्त. परीक्षा होईपर्यंत."

आबांनी सुनेकडे बघितलं. तिचं तोंड एवढंसं झालेलं त्यांना दिसत होतं, आणि जीव तुटतही होता. पण माणसाची काही तत्त्वं असतात. "एकदा आमदाराची गाडी मागं ऱ्हायली हुती," ते म्हणाले, "तवा सायब म्हनला, घड्याळ जरा पाच मिन्टं इकडंतिकडं करा. मी क्येलं नाय. माझी बदली झाली मुरबाडला. तरी क्येलं नाय."

स्नेहलने पुन्हा रितेशचा नंबर लावला. तो अजूनही लागत नव्हता.

देवकीबाई दारात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, उठून टेबलापाशी आल्या, पडद्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि मग वळून भिंतीकडे.

"अवो, मागंच हाय की," त्या म्हणाल्या.

"काय मागं हाय?"

"घड्याळ. ती बसलीय हितं तोंड करून. घड्याळ हाय तिच्या पाठीमागं. काल टेबल फिरवलंत तुमी. त्याला मागं दिसतंय, तर मागं म्हनतंय. आनि त्यो पोरगा काय म्हनला? पुढं आना. मग आना की पुढं."

आबांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला. घड्याळ चुकलेलं नव्हतं, फक्त त्याची जागा चुकलेली होती. यात त्यांच्या तत्त्वाला कुठे धक्का लागत नव्हता.

"आई, कॉम्प्युटरला कसं दिसेल?" स्नेहल म्हणाली.

"सगळ्या जगातलं दिसतं म्हनता ना त्याला?" देवकीबाई म्हणाल्या. "मग पाठीमागची भित नाय दिसनार?"

स्नेहलने मोबाईलवर वेळ बघितली. परीक्षेला फार अवधी उरलेला नव्हता. आबा स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं आणि धाऊच्या हातात दिलं. वेळ विचारायला बोलावलेला धाऊ अजून गेलेला नव्हता. काहीतरी चाललेलं असताना जायचा त्याचा स्वभाव नाही. खिडकीच्या वर खिळा नव्हता, तो ठोकायला हवा. धाऊने स्वतःच्या घरून हातोडा आणला.

पहिल्या ठोक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला खिळा वाकला. तिसऱ्याला खिडकीवरचं पोळीएवढं प्लास्टर निघालं आणि थेट कॉम्प्युटरवर आलं. कॉम्प्युटर बंद पडला नाही. जुन्या वस्तू मजबूत असतात. पण सगळा पडदा चुन्याने पांढरा झाला.

"थांबा, हात लावू नुका," असं म्हणत देवकीबाईंनी ओलं फडकं आणलं आणि लोटा घासावा तसा पडदा घासला. चुना गेला. चुन्याबरोबर कोपऱ्यातला गणपतीही गेला. तो फडक्याला चिकटून आलेला बघून त्यांनी आधी त्याला कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवायला आत गेल्या.

स्नेहल जिथे गणपती होता तिथे बघत राहिली. तिथे बारीक अक्षरांत वेळ आणि तारीख होती. १ जानेवारी २००२.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घड्याळ आतलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात बटणाएवढा सेल असतो, तो मेला होता, आणि लाईट गेली की हा गडी सरळ जन्माच्या वेळेला जाऊन बसत होता. काल रितेशने तारीख गुपचूप नीट केली होती, रात्री लाईट गेली आणि परत सगळं मुसळ केरात. दोन हजार दोन सालच्या माणसाला आजची परीक्षा कोण देऊ देणार?

"आबा, ते घड्याळ नाय," ती म्हणाली. "आतलं घड्याळ."

"आतलंच हुतं ते," आबा स्टुलावरून म्हणाले. "आता पुढं आनतोय. धीर धर." आणि नवा खिळा ठोकला.

समजावत बसायला सवड नव्हती. तिने तारखेवर टिचकी मारली आणि साल वाढवायच्या बाणावर बोट दाबून धरलं. वरून हातोडा पडत होता, टेबल हलत होतं, आकडे भराभर पळत होते. तिने बोट उचललं, ठीक म्हटलं, पान पुन्हा उघडलं. त्याच वेळी वर आबांनी खिळ्याला घड्याळ अडकवलं आणि सरळ केलं.

पडद्यावर आलं: 'तुमचे घड्याळ पुढे आहे.'

हे मात्र सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. धाऊनेसुद्धा, त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नसताना.

"बघा," देवकीबाई आतून येत म्हणाल्या. "दिसतंय त्याला."

आता कुणाच्याच मनात शंका राहिली नाही, स्नेहल सोडून. तिला कोपऱ्यात २०४० साल दिसत होतं. आबा स्टुलावर उभे राहून डोकं खाजवत होते. मागे असलं तर मागे म्हणतो, पुढे आणलं तर पुढे म्हणतो. असा इसम त्यांना नोकरीत बऱ्याचदा भेटला होता, पण तो नेहमी वरच्या पोस्टवर असे.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं.

"मागं नको, पुढं नको," देवकीबाई म्हणाल्या. "मंग बाजूला धरा."

आबांनी घड्याळ काढलं, स्टुलावरून उतरले, आणि टेबलाच्या डाव्या अंगाला येऊन ते दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले. तबकडी कॉम्प्युटरच्या दिशेने. "दिसतंय का त्याला?"

"जरा वर," देवकीबाई म्हणाल्या.

स्नेहलने खाली मान घालून एक एक करत वर्षं मागे घेतली. साल झालं. महिना झाला. तारीख झाली. वेळ लावताना तिने डावीकडे बघितलं. सासऱ्यांच्या छातीवर अकराला दोन मिनिटं कमी होती. तिने तीच वेळ लावली आणि पान उघडलं.

पान उघडलं. कंपनीचं नाव, खाली स्नेहलचं नाव, खाली हिरवं बटण.

"हलू नुका," देवकीबाई आबांना म्हणाल्या.

आबा हलले नाहीत. परीक्षा एक तासाची होती. आबा एक तास तसेच उभे राहिले. मधे देवकीबाईंनी बशीत चहा ओतून त्यांच्या तोंडाला लावला. मधे धाऊ म्हणाला, "आबा, थोडा येळ मी धरतो." आबांनी मानेनेच नाही म्हटलं. गजाला बांधलेला मोबाईल वाऱ्याने हलला तेव्हा त्यांनी फक्त डोळ्यांनी धाऊला खूण केली, आणि धाऊने तो धरून ठेवला. स्नेहल टाइप करत होती. पहिल्या दोन उताऱ्यांना तिची बोटं अडखळत होती. मग कधीतरी तिची नजर बाजूला गेली, तिथे आबा चालता सेकंदकाटा छातीशी धरून निश्चल उभे होते, आणि तिची बोटं सुरळीत चालू लागली. का ते तिला सांगता आलं नसतं.

पेपर वेळेत संपला. आबांनी घड्याळ खाली ठेवलं तेव्हा त्यांचे हात कोपरातून सरळ होईनात. देवकीबाईंनी खोबरेल तेल लावलं.

आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं. स्नेहलला नोकरी लागली. देवकीबाईंनी आळीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरी कसं धरायचं ते सांगितलं. घड्याळ जुन्या खिळ्यावर परत गेलं. पण लाईट जाऊन आली की ते उतरवून कॉम्प्युटरला बाजूने दाखवायचं, असा घरात रिवाज पडला. देवकीबाईंचं म्हणणं, लाईट गेली की त्याला विसर पडतो, पुन्हा ओळख करून द्यावी लागते. आबा घड्याळ धरत, स्नेहल मान खाली घालून तारीख बदले, पान उघडे, देवकीबाई हात जोडत. मुरबाड रोडच्या त्यांच्या बहिणीने तर कॉम्प्युटर घ्यायच्या आधीच बाजूच्या भिंतीला खिळा ठोकून ठेवला.

रितेश हळदीवरून आला तेव्हा त्याला हे सगळं ऐकवण्यात आलं. त्याने भिंत, घड्याळ आणि कॉम्प्युटर आळीपाळीने बघून घेतले. मग म्हणाला, "मी तेच तर सांगितलंवतं," आणि ते खरंही होतं. नवा सेल ठाण्याहून मागवतो म्हणाला. तो सेल अजून यायचा आहे.

स्नेहलच्या मनाला मात्र ते खात राहिलं. म्हातारा माणूस आपल्यासाठी दर वेळी हात दुखवून घेतो, आणि आपण खरं सांगत नाही. एका दुपारी देवकीबाई नदीवर गेलेल्या बघून तिने विषय काढला.

"आबा, एक सांगायचं होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा त्याच्याशी काय संबंध नाय. खाली कोपऱ्यात तारीख असते, ती मी बदलते. म्हणून चालतं."

आबा सुपारी कातरत होते. "ठाव हाय मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. तू वर्षं मागं घेत हुतीस, मी बाजूनं बघत हुतो. गाडीची पाटी चुकीची लागली तर मला लांबून दिसायची. ही तर हातावर."

"मग तासभर उभं कशाला राहिलात?"

आबांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "गाडी डायवर चालवतो," ते म्हणाले. "कंट्रोलर काय करतो? काय नाय. पन गाडी स्टँडाच्या भायेर पडंपर्यंत उभा ऱ्हातो. तू घाबरली हुतीस गो. मला टायपिंग येत नाय, मंग दुसरं काय करनार हुतो मी?"

स्नेहलचे डोळे भरून आले. ती काही म्हणणार, तेवढ्यात आबांनी अडकित्ता मिटवला.

"पन हिला बोलू नुको," ते म्हणाले. "तिला वाटतं तिच्या डोक्यानं चाललं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिचं ऐकलंय."

तेवढ्यात लाईट गेली. कॉम्प्युटरचा पंखा घरघर करत थांबला. दोघं अंधाऱ्या पडद्याकडे बघत बसले. देवकीबाई धुण्याची बादली घेऊन दारात पोचेपर्यंत लाईट परत आली, स्नेहलने बटण दाबलं, पडदा काळ्याचा निळा झाला, आणि त्याने आपलं नेहमीचं म्हणणं मांडलं.

आबा उठले आणि घड्याळ उतरवून टेबलाच्या डाव्या अंगाला उभे राहिले. स्नेहलने खाली मान घालून तारखेवर टिचकी मारली.

"बाजूला धरलंत ना?" देवकीबाईंनी दारातून विचारलं.

"धरलंय," आबा म्हणाले.

"जरा वर धरा."

आबांनी जरा वर धरलं.